हबीब तन्वीर यांची रंगभूमी

नाटक ही अनेक कलांची एकत्र वस्ती आहे, असे नाट्यशास्त्राचे अभ्यासक नेहमी सांगत आले आहेत. काव्य, संगीत, नृत्य, अभिनय आणि नेपथ्य या साऱ्यांना तेथे जागा असते. व्यवहारात मात्र या वस्तीत कामाची वाटणी झालेली दिसते. लिहिणारा लिहितो, बसविणारा बसवितो, नट भूमिका करतो आणि गाण्यांना चाल लावण्यासाठी चौथ्याच कोणाला तरी बोलावणे जाते. महाराष्ट्रात संगीत नाटकाच्या प्रारंभी ही वाटणी इतकी पक्की नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्कर नाटक लिहीत, ते बसवीत आणि स्वतः रंगभूमीवर उभेही राहत. पुढे व्यवसाय वाढला तशी कामे वेगळी झाली, आणि सर्व अंगांनी नाटक जाणणारा माणूस दुर्मिळ होत गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय रंगभूमीवर असा एक माणूस होऊन गेला. तो कवी होता, पत्रकार होता, नभोवाणीवर काम केलेला होता. नट, दिग्दर्शक, नाटककार आणि नाटकमंडळीचा चालकही होता. त्याचे नाव हबीब तन्वीर.

हबीब अहमद खान यांचा जन्म 1 सप्टेंबर 1923 रोजी रायपूर येथे झाला. 'तन्वीर' हे त्यांनी कवितेसाठी घेतलेले टोपणनाव. पुढे तेच आडनावासारखे रूढ झाले. वडिलांचे घराणे मूळचे पेशावरचे. रायपूर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे रायपूरच्या शाळेतील शिक्षण संपल्यावर हबीब नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले आणि तेथूनच पदवीधर झाले. त्यानंतर काही काळ ते अलीगढ येथे उर्दूच्या उच्च शिक्षणासाठी राहिले. त्यांचे संस्कार असे दुहेरी होते. एकीकडे उर्दू काव्याची नागर परंपरा, तिचे छंद, तिचे अदबीचे बोलणे. दुसरीकडे रायपूरच्या आसपासच्या खेड्यांतील गाणी, जी लहानपणी नातेवाइकांच्या गावी गेल्यावर कानांवर पडत. या दोन प्रवाहांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या आयुष्याला पुरला.

1945 मध्ये ते मुंबईस आले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांनी निर्माता म्हणून काम केले. शिवाय वृत्तपत्रांतून चित्रपटांची परीक्षणे लिहिली, चित्रपटांसाठी गीते लिहिली आणि काही चित्रपटांत भूमिकाही केल्या. परंतु त्यांचे मन रमले ते इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनमध्ये, म्हणजेच 'इप्टा'मध्ये. 1943 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत त्या काळी निरनिराळ्या भाषांचे कलावंत एकाच छपराखाली काम करीत होते. मराठी विभागात अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख पोवाडा, लावणी व तमाशा यांना नवा आशय देत होते. गिरणगावातील कामगार वर्ग त्यांच्या कार्यक्रमांना कशी गर्दी करी, हे मुंबईने पाहिले होते. लोककलेत जुनेपणाचा वास असतो आणि नव्या विचाराला ती अपुरी पडते, हा सुशिक्षितांचा समज खोटा ठरविणारा हा अनुभव होता. तरुण हबीबच्या डोळ्यांसमोरच हे सारे घडत होते.

1954 मध्ये ते दिल्लीस गेले आणि त्याच वर्षी त्यांचे पहिले महत्त्वाचे नाटक रंगभूमीवर आले. ते 'आग्रा बाजार'. अठराव्या शतकात जन्मलेले आणि आग्र्यात आयुष्य घालविलेले कवी नजीर अकबराबादी हा त्याचा विषय. नजीरने काकडी, लाडू, पतंग, होळी, दिवाळी, अस्वलाचा खेळ अशा सामान्य गोष्टींवर सामान्यांच्या बोलीत कविता केल्या. त्यामुळे त्याच्या काळातील जाणकारांनी त्याला कवींच्या पंक्तीत बसू दिले नाही. पण फेरीवाले आणि फकीर यांनी त्याची गाणी तोंडपाठ केली. अशा कवीवर नाटक लिहायचे, तर त्याचे चरित्र प्रवेशाप्रवेशांतून दाखवावे, हा सरळ मार्ग होता. तन्वीर यांनी तो सोडला. त्यांनी नजीरला रंगमंचावर आणलेच नाही. त्यांनी आणला तो बाजार. एका बाजूस पुस्तकविक्रेत्याचे दुकान, तेथे विद्वान कवी आणि टीकाकार यांची बैठक. दुसऱ्या बाजूस पतंगवाल्याचे दुकान, तेथे नजीरचे चाहते. मध्ये एक गरीब काकडीवाला. त्याच्या काकड्या खपत नाहीत. कोणी कवीने आपल्या मालावर चार ओळी रचून दिल्या, तर गिऱ्हाईक येईल, असे त्याला वाटते. मोठे कवी त्याला हाकलून देतात. शेवटी नजीर त्याला गाणे देतो, आणि गात गात फिरणाऱ्या त्या काकडीवाल्याचा माल हातोहात खपतो.

कथानक म्हणावे तर एवढेच. परंतु कविता कोणासाठी असते, हा प्रश्न या नाटकाने एकही व्याख्यान न देता मांडला. प्रयोग झाला दिल्लीच्या जामिया मिलियामध्ये. नटसंचात तेथील विद्यार्थी व अध्यापक होते आणि शेजारच्या ओखला गावातील रहिवासीही होते. बाजार दाखवायचा तर बाजारात वावरणारी माणसेच हवीत, हा विचार त्या वेळी नवा होता. तन्वीर यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज या पहिल्याच नाटकात दिसते.

तथापि बीज दिसणे वेगळे आणि त्याचे झाड होणे वेगळे. मधल्या काळात बराच वळसा पडला. 1955 मध्ये तन्वीर इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या विख्यात संस्थेत दाखल झाले. तेथे अभिनयाचे शिक्षण उत्तम होते; पण ते इंग्रजी भाषेच्या उच्चारावर, तिच्या लयीवर उभे होते. माणूस ज्या भाषेत बोलतो तिचा त्याच्या हातवाऱ्यांशी, चालण्याशी आणि उभे राहण्याशी संबंध असतो. भाषा बदलली की शरीर बदलते. मग जी भाषा आपल्याला रंगभूमीवर कधी बोलायची नाही, तिची हालचाल शिकून काय साधणार, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी ती संस्था सोडली आणि ब्रिस्टल ओल्ड व्हिक नाट्यविद्यालयात दिग्दर्शनाचा अभ्यास केला. त्यानंतर युरोपात भ्रमंती करीत ते बर्लिनला पोहोचले. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांना भेटावे ही इच्छा होती. पण ब्रेख्त ऑगस्ट 1956 मध्येच निवर्तले होते. त्यांची बर्लिनर आन्सांबल ही नाटकमंडळी मात्र त्यांची नाटके करीत होती. तन्वीर काही महिने तेथे राहिले आणि त्यांनी ते प्रयोग व तालमी पाहिल्या.

ब्रेख्तच्या नाटकांत गाणे कथा थांबवून तिच्यावर भाष्य करते, नट भूमिकेत असूनही प्रेक्षकांशी बोलतो, आणि समोर चालले आहे ते नाटक आहे हे कोणी लपवीत नाही. युरोपच्या वास्तववादी रंगभूमीला हे सारे धक्कादायक वाटले होते. भारतातून गेलेल्या माणसाला मात्र त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. आपल्याकडचा सूत्रधार हेच करतो. तमाशातील सोंगाड्या आणि कीर्तनात पूर्वरंगातून उत्तररंगात शिरणारे हरिदासबुवा हेच करतात. बर्लिनमध्ये तन्वीर यांना जे उमगले ते हे की, आपल्याला हवी असलेली रंगभूमी परदेशांतून आणण्याची गरज नाही; ती रायपूरच्या आसपास रात्रभर चालूच आहे.

1958 मध्ये परत येताच त्यांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' हिंदुस्तानीत 'मिट्टी की गाडी' या नावाने बसविले. बेगम कुदसिया झैदी यांच्या हिंदुस्तानी थिएटरने ते रंगभूमीवर आणले. देवलांच्या रूपांतरामुळे मराठी प्रेक्षकांना चारुदत्त, वसंतसेना आणि शकार हे घरचेच झाले आहेत. तन्वीर यांनी त्या पात्रांमध्ये छत्तीसगडचे सहा ग्रामीण कलावंत आणून बसविले. संस्कृत नाटकात पात्र रंगमंचाला एक फेरी घालते आणि दुसऱ्या गावी पोहोचते. लोकनाट्यातही तेच होते. स्थळ आणि काळ यांच्याशी खेळण्याचे जे स्वातंत्र्य शूद्रकाजवळ होते, ते ग्रंथांतून लोपले तरी खेड्यांतील नटांच्या अंगी टिकून राहिले, असा त्यांचा सिद्धान्त होता. संस्कृत नाटकाला खेडवळ केले, असा आक्षेप काही पंडितांनी घेतला. हा आक्षेप घेताना एका गोष्टीचा विसर पडला होता. 'मृच्छकटिका'त चोर आहे, जुगारी आहेत, गाडीवान आहेत, शिपाई आहेत आणि त्यांतील कित्येक जण प्राकृतच बोलतात.

1959 मध्ये तन्वीर यांनी मोनीका मिश्र यांच्यासह 'नया थिएटर' ही स्वतःची संस्था स्थापन केली. मोनीकाबाई स्वतः नाट्यशिक्षण घेतलेल्या दिग्दर्शिका होत्या. पुढे त्या दोघांचा विवाह झाला. 2005 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत संस्थेचा संसार त्यांनी सांभाळला. नाटकमंडळी चालविणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाक्याचे वजन कळेल.

यानंतरचा काळ या रंगयात्रेतला सर्वांत शिकविणारा काळ आहे, कारण तो अपेशाचा आहे. तन्वीर यांनी छत्तीसगडचे कलावंत आणले खरे, पण त्यांच्याकडून काम करवून घेताना ते शहरातल्या दिग्दर्शकासारखेच वागत होते. जे नट आपल्या गावच्या मांडवात हजारो माणसांना पहाटेपर्यंत खिळवून ठेवीत, तेच दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून उभे राहत. याचे कारण शोधायला त्यांना काही वर्षे लागली, आणि ते सापडले तेव्हा त्यांनी पुढे अनेक मुलाखतींतून ते मोकळेपणाने सांगितले. दोन चुका होत होत्या. पहिली चूक भाषेची. हे नट हिंदी बोलत होते. त्यांची मातृभाषा छत्तीसगडी होती. प्रत्येक वाक्य मनात अनुवाद करून बोलणाऱ्याच्या शरीराला मोकळीक राहत नाही. लंडनमध्ये स्वतःच्या बाबतीत जे सत्य तन्वीर यांना चटकन उमगले होते, तेच आपल्या नटांच्या बाबतीत उमगायला एवढा अवधी लागला. दुसरी चूक हालचालींची. या शब्दावर डावीकडे तीन पावले, त्या शब्दावर उजवीकडे वळणे, असे संहितेत पेन्सिलीने आखून देण्याची पाश्चात्त्य पद्धत त्यांनी या नटांवर लादली होती. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, ज्यांनी संहिता कधी हातात धरली नाही, त्यांना ही आखणी बेडीसारखी झाली.

या ठिकाणी 'नाचा' या प्रकाराचा थोडा परिचय आवश्यक आहे. नाचा हे छत्तीसगडच्या मैदानी मुलखातील लोकनाट्य. लग्नसराई, जत्रा, सण अशा निमित्ताने गावात मांडव पडतो आणि रात्री सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालतो. वादक एका बाजूला बसतात आणि प्रेक्षक रंगस्थळाला वेढून बसतात. गाणे, नाच आणि विनोदी नाट्यप्रवेश यांची गुंफण असते. या नाट्यप्रवेशांना तेथे 'गम्मत' असे म्हणतात. तमाशातील गम्मतही हीच. विदूषकाला 'जोक्कड' म्हणतात आणि स्त्रीवेष घेऊन नाचणाऱ्या पुरुषाला 'परी'. आपल्या सोंगाड्याची आणि नाच्याची आठवण येथे सहज होते. संहिता लिहिलेली नसते. गोष्टीचा सांगाडा ठरलेला असतो आणि संवाद त्या रात्रीच्या प्रेक्षकांकडे पाहून रचले जातात. एखाद्या रसिकाने बक्षीस दाखविले, तर नट प्रवेश अर्धा सोडून त्याच्याकडे जातो, बक्षीस घेतो आणि परत येऊन गोष्टीचा धागा पुन्हा उचलतो. रसभंग होत नाही, कारण रस हा प्रेक्षक आणि नट यांच्यामधल्या या येण्याजाण्यातच असतो. विषय रोजच्या जगण्यातले असतात: सावकार, भोंदू गुरू, म्हातारा नवरा, जातीचा अभिमान, सासू आणि सून.

1970 नंतर तन्वीर यांनी आपली पद्धत बदलली. नटांनी छत्तीसगडीत बोलावे आणि तालमीत आपापल्या परीने प्रवेश रचावा. त्यातून जे जिवंत असेल ते निवडणे, त्याला आकार देणे आणि मर्यादा घालणे एवढेच काम दिग्दर्शकाने आपल्याकडे ठेवावे. 1973 मध्ये त्यांनी रायपूरला नाचा कलावंतांची मोठी कार्यशाळा घेतली. जुन्या गमती एकत्र आणून त्यांतून एक सलग नाटक उभे राहिले. त्याचे नाव 'गाव का नाम ससुराल, मोर नाम दामाद'. भाषा छत्तीसगडी, गाणी गावची, नट गावचे. हेच नाटक दिल्लीत आले तेव्हा भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकांनीही ते उचलून धरले. पंधरा वर्षे ज्या दाराशी घुटमळत होते, ते दार असे उघडले.

1975 मधील 'चरणदास चोर' हे या वाटेवरचे शिखर. त्याची कथा मूळची राजस्थानची. विजयदान देथा यांनी ती लोककथेवरून लिहिली होती. चरणदास नावाचा चोर शिपायापासून लपत एका गुरूच्या आश्रयाला येतो. गुरूला खूश करण्यासाठी तो थट्टेने चार प्रतिज्ञा करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, आणि राज्य देऊ केले तरी राजा होणार नाही. चोराच्या वाट्याला यांतले काही येण्याची शक्यताच नसते. गुरू मात्र चोरी सोडण्याची प्रतिज्ञा मागतो. ती तर धंद्याची गोष्ट. चरणदास नकार देतो. मग गुरू म्हणतो, निदान खोटे बोलू नकोस. चोर ते कबूल करतो. पुढे एकामागून एक सारे प्रसंग त्याच्यापुढे उभे राहतात. हत्ती येतो, सोन्याचे ताट येते आणि शेवटी राणी स्वतः त्याला मागणी घालते. तो नकार देतो. निदान ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, अशी ती विनवणी करते. जो खोटे बोलत नाही, तो असे वचन कसे देणार? राणी त्याला ठार मारविते.

हसत हसत चाललेल्या खेळाचा हा शेवट प्रेक्षकांना चकित करतो. चरणदास साधू नाही. तो चोरी शेवटपर्यंत सोडत नाही. परंतु थट्टेत दिलेला शब्द तो पाळतो, आणि ज्यांच्या अंगावर कायद्याची, धर्माची आणि राज्याची वस्त्रे आहेत त्यांना तो एक शब्द पाळणारा माणूस सहन होत नाही. या नाटकाचा पहिला अपुरा अवतार भिलाई येथे सतनामी समाजाच्या मेळाव्यात झाला होता. गुरू घासीदास यांनी स्थापन केलेल्या या पंथात सत्य हाच ईश्वर मानलेला आहे, आणि त्यांचे पंथी नृत्य व गायन नाटकाच्या रचनेत मिसळून गेले. राजस्थानची कथा, छत्तीसगडची भाषा, सतनामींची श्रद्धा, नाचातला विनोद आणि उर्दू कवीची काटकसर इतक्या गोष्टी येथे एकत्र आल्या. पण पाहणाऱ्याला कोठे सांधा दिसत नाही.

त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी या कथेवर मुलांसाठी चित्रपट काढला. चरणदासाची भूमिका नाचातले थोर नट लालूराम यांनी केली, आणि राणीच्या भूमिकेत स्मिता पाटील हे नाव चित्रपटसृष्टीला प्रथम दिसले. रंगभूमीवर राणीची भूमिका फिदाबाई मरकाम यांनी गाजविली. पूर्वी नाचाच्या मंचावर बहुधा पुरुषच स्त्रीभूमिका करीत. फिदाबाईंसारख्या कलावतींनी नया थिएटरला नवे सामर्थ्य दिले. 1982 मध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात 'चरणदास चोर'ला 'फ्रिंज फर्स्ट' हा पुरस्कार मिळाला. जे नट एके काळी दिल्लीच्या मंचावर अवघडत होते, ते स्कॉटलंडमध्ये आपल्या बोलीत बोलून गेले आणि तेथल्या परीक्षकांना ते समजले.

यानंतर तन्वीर यांनी अनेक दिशांनी काम केले. 'बहादुर कलारिन'मध्ये त्यांनी छत्तीसगडची एक दंतकथा घेतली. आई आणि मुलगा यांच्या नात्यातील भीषण गुंता तीत असल्याने तिची तुलना ग्रीक ईडिपसच्या कथेशी होत आली आहे. त्या आईची भूमिका फिदाबाईंची. 'हिरमा की अमर कहानी'ला बस्तरचे राजे प्रवीरचंद्र भंजदेव यांच्या 1966 मधील मृत्यूची पार्श्वभूमी आहे. जुनी राजेशाही आणि नवे शासन यांच्या कात्रीत सापडलेला आदिवासी हा तिचा खरा विषय. शेक्सपिअरचे 'ए मिडसमर नाइट्स ड्रीम' त्यांनी 'कामदेव का अपना, वसंत ऋतु का सपना' या नावाने आणले. त्यातील नाटक बसविणारे कारागीर हे छत्तीसगडी नटांना जणू स्वतःवरच लिहिलेले वाटावेत असे होते. असगर वजाहत यांचे फाळणीवरील 'जिस लाहौर नइ देख्या' त्यांनी 1990 मध्ये रंगभूमीवर आणले. भोपाळच्या विषारी वायूच्या दुर्घटनेवर 'जहरीली हवा' केले, आणि अखेरच्या काळात रवींद्रनाथांच्या कृतीवरून 'राजरक्त' सादर केले. मधून मधून ते चित्रपटांतही दिसत. ॲटनबरो यांच्या 'गांधी'मध्ये त्यांची भूमिका होती. नाना पाटेकर यांच्या 1991 मधील 'प्रहार'मध्ये ते मुलगा गमावलेल्या पित्याच्या भूमिकेत होते. स्वतःच्या नाटकांत त्यांनी नायकपदाचा हव्यास धरला नाही. 'चरणदास चोर'मध्ये ते शिपायाची भूमिका करीत.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. 1969 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1972 ते 1978 राज्यसभेचे सदस्यत्व, 1983 मध्ये पद्मश्री, 1990 मध्ये कालिदास सन्मान, 1996 मध्ये अकादमीची फेलोशिप आणि 2002 मध्ये पद्मभूषण. पण त्यांची वाट निष्कंटक नव्हती. 'पोंगा पंडित' ही नाचातील जुनी गम्मत. गावचे कलावंत ती वर्षानुवर्षे करीत आले होते, आणि अस्पृश्यतेची तीत यथेच्छ टर उडविलेली आहे. गावच्या प्रेक्षकांनी ती हसत पाहिली होती. 1992 नंतर मात्र तिच्या प्रयोगांवर हल्ले होऊ लागले, आणि 2003 मध्ये मध्य प्रदेशात प्रयोग उधळण्याचे प्रकार ठिकठिकाणी घडले. ऐंशी वर्षांच्या तन्वीर यांनी प्रयोग बंद केले नाहीत. ते प्रेक्षकांशी बोलत, आक्षेप घेणाऱ्यांना चर्चेस बोलावीत, आणि पुन्हा पडदा वर जाई. 8 जून 2009 रोजी भोपाळ येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी छत्तीसगड शासनाने सतनामी समाजातील काहींच्या आक्षेपावरून 'चरणदास चोर'च्या पुस्तकावर बंदी जाहीर केली. ज्या समाजाच्या मेळाव्यात ते नाटक प्रथम उभे राहिले, त्याच समाजाच्या नावाने त्याला विरोध व्हावा, हा दैवदुर्विलास होय.

तन्वीर यांच्या कार्याविषयी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो टाळण्याजोगा नाही. गावातली कला शहरात आणल्याने गावाला काय मिळाले? नाटकावर नाव तन्वीर यांचे लागले; संवाद ज्यांच्या तोंडून प्रथम उमटले त्या लालूराम, ठाकुरराम, मदनलाल, भुलवाराम यांची नावे कितीजणांना ठाऊक आहेत? या प्रश्नाचे उत्तर दोन बाजूंनी द्यावे लागते. नया थिएटरच्या नटांना देशोदेशी मान मिळाला. गोविंदराम निर्मलकर यांना 2009 मध्ये पद्मश्री लाभली. तन्वीर यांनी आपल्या नटांना लोककलेचे नमुने म्हणून मांडले नाही. शूद्रक, शेक्सपिअर आणि ब्रेख्त यांना पेलणारे नट म्हणून त्यांना उभे केले. नाचाची हुबेहूब नक्कल करण्याचा त्यांचा दावाही नव्हता. आपले नाटक हे नाचा नव्हे, ते नाचाच्या नटांनी केलेले आधुनिक नाटक आहे, अशी त्यांची धारणा होती. दुसरी बाजू अशी की, ही सारी इमारत एका माणसाच्या नजरेवर तोललेली होती. रात्रभराचा खेळ दोन तासांत बसविताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरविणारा डोळा त्यांचाच होता. असा डोळा वारसाहक्काने देता येत नाही.

तरीही त्यांनी मागे ठेवलेला धडा कोणत्याही भाषेच्या रंगभूमीला घेता येण्याजोगा आहे. तो धडा फार साधा आहे. माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्या, म्हणजे त्याचे शरीर आपोआप बोलू लागेल. कोकणातल्या दशावतारी नटाला, खानदेशातल्या वहीगायनाच्या कलावंताला, विदर्भातल्या दंडारीच्या पथकाला शहरातल्या महोत्सवात उभे करताना आपण त्याच्या हातात निवेदनाचा कागद देतो, त्याला वेळेची मर्यादा देतो, ध्वनिक्षेपकापासून हलू नको म्हणून बजावतो, आणि मग त्याची कला फिकी पडली असे म्हणतो. हबीब तन्वीर यांनी ही चूक स्वतः केली, ओळखली आणि सुधारली. त्यासाठी त्यांना पंधरा वर्षे लागली. पुढच्यांना ती लागू नयेत, एवढ्यासाठी तरी त्यांच्या नाटकांकडे पुन्हा पुन्हा वळले पाहिजे.